आधी लघवी तपासा, मग स्वभाव

इतकी वर्षं शहाण्यासारखं वागलेलं कुत्रं एक दिवस हॉलमध्ये शू करून ठेवतं आणि घरातला प्रत्येक जण मानसशास्त्रज्ञ होतो. रुसलंय. सूड उगवतंय. लाडावलंय. नवा सोफा त्याला पसंत नाही. आमच्या चिंगीच्या वाट्याला यातली बहुतेक सगळी निदानं आली.

चिंगी ही सहा वर्षांची, पिवळसर रंगाची गावठी कुत्री. पिल्लू असतानाच पुण्यात आमच्याकडे आली, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालेली. वेळ झाली की दाराशी जाऊन नाकाने पट्टा हलवणार, खाली जाऊन येणार आणि झोपणार, असा तिचा शिस्तीचा कारभार. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि त्याच सुमारास टीपॉयखाली पहिलं डबकं दिसलं. दोन्ही गोष्टी बरोबरच आल्यावर संशय कुणावर जाणार? चिंगी पावसात पार्किंगच्या छपराबाहेर पाऊल टाकत नाही, हे सगळ्या सोसायटीला माहीत. नवऱ्याने तिच्यासाठी रेनकोट आणला. (तो घातला की ती चालणंच बंद करते, ही गोष्ट वेगळी.) सासूबाईंनी संध्याकाळनंतर पाण्याचं भांडं उचलून ठेवायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरच्या काकांनी त्यांच्या लहानपणच्या वाड्यातला उपाय सांगितला: नाक त्यात घासायचं आणि वर्तमानपत्राची सुरळी हाणायची.

रोज फरशी पुसणाऱ्या मावशींना मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनीच एकदा फडकं पिळता पिळता हाक मारली, "ताई, हे बघा बरं, गुलाबी दिसतंय." मग म्हणाल्या, डबकं एका जागी मोठं नसतं, चार ठिकाणी थोडं थोडं असतं. आणि वास पूर्वीसारखा नाही, उग्र येतो. एवढ्या तीन वाक्यांत निदान जवळजवळ झालंच होतं. म्हणून आता ओळखीतलं कुणी असा प्रश्न घेऊन आलं, की मी आधी विचारते, तुमच्याकडे पुसतं कोण? त्या माणसाला बोलवा.

लघवीच्या तपासणीत पू, जंतू आणि खड्यांचे स्फटिक निघाले. एक्स-रेमध्ये मूत्राशयात साबुदाण्याएवढे खडे दिसले. डॉक्टरांनी समजावलं ते असं. मादीची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असते, त्यामुळे जंतू सहज वर चढतात. त्यातले काही जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात, लघवी आम्लधर्मी राहण्याऐवजी अल्कधर्मी होते आणि तिच्यातलं मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन त्याचे खडे जमतात. या खड्यांना स्ट्रुव्हाइट म्हणतात. सुजलेल्या मूत्राशयाला थोडीशी लघवी जमली तरी आत्ताच जायला हवं असं वाटत राहतं. दाराशी जाऊन पट्टा हलवण्याइतकाही वेळ त्या कुत्रीच्या हातात नसतो. यात हट्ट कुठे आला?

स्ट्रुव्हाइट खड्यांचं एक बरं असतं, ते विरघळतात. जंतूंवर औषध आणि त्या खड्यांसाठीचं खास खाणं एकदमच चालू ठेवावं लागतं, काही आठवडे ते दोन-तीन महिने. या खाण्यात मॅग्नेशियम आणि फॉस्फरस कमी असतं, ते लघवी आम्लधर्मी करतं आणि तहानही वाढवतं. अट एकच, त्याबरोबर दुसरं काहीही पोटात जाता कामा नये. आमच्या घरात सगळ्यात अवघड गेलं ते हेच. टेबलाखालून जाणारा पोळीचा तुकडा आजतागायत कुठल्या डॉक्टरला थांबवता आलेला नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे मात्र खाण्याने विरघळत नाहीत, मोठे असतील तर शस्त्रक्रिया करून काढावे लागतात. खडा कोणता हे बाहेरून कळत नाही, तेव्हा शेजारच्या कुत्र्याला लागू पडलेलं खाणं आपल्याला लागू पडेल असं धरून चालू नये. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही देऊ नयेत. अर्धवट औषधाने जंतू दबतात, तपासणीत नीट सापडत नाहीत आणि पुन्हा उठतात तेव्हा त्या गोळीला दाद देत नाहीत. दुखतंय म्हणून माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तर चुकूनही नाही, कुत्र्याला ती विषासारखी बाधू शकतात.

आता नमुना कसा घ्यायचा ते सांगते, कारण लोक अडतात ते इथेच. औषधाच्या दुकानात माणसांच्या लघवीसाठी मिळणारी निर्जंतुक डबी चालते. नर असेल तर काम सोपं. मादी इतकी खाली बसते की डबी सरकवायला जागाच उरत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा डाव उकळून, कोरडा करून घ्यावा. (तो पुन्हा आमटीत जाणार नाही, हे आधी घरात जाहीर करावं.) सकाळची पहिली लघवी घ्यावी. कुत्री बसली की लगेच धावू नये. धार सुरू झाल्यावर मागून हळूच डाव सरकवावा. सोसायटीतले लोक बघतात, बघू द्यावं. नमुना ताबडतोब पोहोचवणं उत्तम. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवावी, पण तीही काही तासच. नेमका कोणता जंतू हे शोधायचं असेल, तर डॉक्टर पोटातून बारीक सुई घालून थेट मूत्राशयातली लघवी घेतात. बघायला भीती वाटते, पण काम क्षणात होतं आणि बाहेरची घाण त्यात मिसळत नाही. जवळ चांगला दवाखाना नसेल, तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, हे लक्षात असू द्यावं. परळचं तर १८८६ सालापासून चालू आहे.

डॉक्टरकडे जाण्याआधी घरच्या घरी एक काम करता येतं. सकाळी भांड्यात मोजून पाणी ओतायचं, वरून घातलेलं लिहून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं वजा करायचं. साधारणपणे कुत्रं दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितं. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला लिटरभर, मे महिन्यात आणखी थोडं. तेच किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर गेलं तर काहीतरी बिघडलंय. असं कुत्रं थोडी थोडी नव्हे, तर बादली उपडी केल्यासारखी शू करतं, आणि मग मधुमेह, मूत्रपिंड, हॉर्मोन असे दरवाजे उघडतात. म्हणूनच संध्याकाळी पाणी बंद करण्याचा सासूबाईंचा उपाय धोक्याचा. मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नसेल आणि आपण भांडंही उचललं, तर ते जनावर काही तासांत सुकतं. उलट चिंगीला जास्त पाणी जावं म्हणून तिच्या खाण्यातच पाणी कालवायला सांगितलं होतं.

एका मैत्रिणीच्या लॅब्रेडॉरला पावसाळ्यात खाज सुटली, इंजेक्शन आणि गोळ्या सुरू झाल्या आणि कुत्रा रात्री घरभर शू करायला लागला. गोळीचं नाव विचारलं, प्रेडनिसोलोन. स्टेरॉइडने तहान वाढते, लघवी वाढते. फिटची काही औषधं आणि हृदयरोगाच्या लघवीच्या गोळ्याही असंच करतात. अशा वेळी गोळी मनाने बंद करायची नाही, स्टेरॉइड एकदम तोडणं घातक. डॉक्टरांना फोन करायचा आणि गोळ्या चालू असेपर्यंत रात्री एक फेरी वाढवायची.

ऑपरेशन न झालेली मादी माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, घरात शू करू लागली, सुस्तावली, तर मात्र उद्या बघू म्हणू नये. गर्भाशयात पू झालेला असू शकतो. स्राव बाहेर दिसतोच असं नाही आणि उशिराने जीव जातो. नराने पाय वर करून जोर लावावा आणि थेंबही येऊ नये, हीही तशीच निकड. खडा नळीत अडकला की मध्यरात्र असली तरी निघायचं.

ऑपरेशन झालेली मोठ्या चणीची मादी झोपेतून उठते आणि खाली ओला डाग, तिला स्वतःला पत्ताच नाही, असं असेल तर मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडलेला असतो. त्यावर चांगली औषधं आहेत. तिला रागावणं म्हणजे झोपेत घोरणाऱ्याला दम देणं झालं. आपण घरात शिरलो की खाली वाकून, कान मागे टाकून थेंब थेंब सोडणारं पिल्लू तर शरण येत असतं. आवाज चढवला की ते अजून सोडतं. त्याच्याकडे न बघता आत निघून जावं, निवळलं की हाक मारावी. पडद्यावर, दाराच्या चौकटीवर, पाहुण्यांच्या बॅगेवर जरासा फवारा मारणारा नर हद्द आखत असतो. त्याचं ऑपरेशन केल्याने पुष्कळदा फरक पडतो, पण सवय जुनी असेल तर हमखास नाही. दिवाळीत फटाक्यांना घाबरून खाली न उतरणारं कुत्रं रात्री घरातच मोकळं होतं, त्याला अंधार पडायच्या आत फिरवून आणावं.

चिंगीकडे परत येते, कारण औषध संपल्यावर गोष्ट संपली नाही. लघवी स्वच्छ आली, खडे गेले, तरी हॉलमधल्या सतरंजीचा एक कोपरा ती सोडेना. आजाराने लावलेली सवय आजाराबरोबर जातेच असं नाही, आणि वास तिला बोलावत असतो. फिनाईल आपल्या नाकासाठी असतं, कुत्र्याच्या नाही. लघवीतले कण फरशीच्या सांध्यात बसून राहतात आणि हवेत दमटपणा आला की पुन्हा वास सोडतात. पावसाळ्यात जुने डाग जिवंत होतात ते त्यामुळेच. प्राण्यांच्या लघवीसाठी एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते लागू पडतं. फक्त ओतलं आणि पुसलं असं करायचं नाही. मुरू द्यायचं, आपोआप वाळू द्यायचं, आणि आधी फिनाईल मारलेलं असेल तर ते साध्या पाण्याने धुवून काढायचं. जुने डाग सापडत नसतील तर नोटा तपासायची अतिनील टॉर्च अंधारात फिरवावी. व्हिनेगरचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीचेच दगड, आम्लाने त्यांची झिलई उतरते. लघवीच्या डबक्यावर थेट ब्लीच ओतू नये, घशाला झोंबणारा विषारी वायू सुटतो. आणि पावसाळ्यात हातमोजे घालूनच पुसावं. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कुत्र्याच्या लघवीतून माणसाकडे येऊ शकतात. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. त्याची लस दर वर्षी द्यावी. मावशींना हातमोजे आणून देणं हे आपलं काम आहे.

सतरंजी उचलली. बघायला कुणी नसेल तेव्हा हॉलचं दार बंद ठेवलं. चिंगीला पुन्हा पिल्लू समजून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर खाली नेलं आणि तिथे शू केली की त्याच क्षणी शाबासकी दिली. बक्षीस म्हणून तिच्याच खास खाण्यातले दोन दाणे, कारण दुसरं काही द्यायची सोय नव्हती. दोन दाण्यांसाठीही ती शेपटी तेवढीच हलवते. कुत्र्याला पदार्थापेक्षा वेळ साधलेली हवी असते. घरात बसताना दिसली तर न ओरडता एक टाळी, आणि चल खाली. नंतर डबकं सापडलं तर गप्प पुसायचं. आपण ओरडल्यावर दिसतो तो अपराधी चेहरा म्हणजे आपल्या आवाजाची भीती असते, तासाभरापूर्वीच्या शूशी तिने तो जोडलेला नसतो. काकांच्या उपायाने कुत्री एवढंच शिकली असती की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ती सोफ्यामागे गेली असती आणि डावात नमुनाही मिळाला नसता. पावसाचं म्हणाल, तर रेनकोटापेक्षा मोठी छत्री आणि पार्किंगच्या भिंतीलगतची एक कोरडी जागा कामी आली. समितीची कुरकुर होऊ नये म्हणून बरोबर पाण्याची बाटली नेते.

सगळं तपासूनही काही सापडत नाही अशीही कुत्री असतात, विशेषतः म्हातारी. माझ्या भावाचा पॉमेरेनियन चौदा वर्षांचा आहे. दार उघडतं त्या बाजूला न जाता बिजागरीच्या बाजूला तोंड करून उभा राहतो, रात्री घरभर फिरतो, खाली नेऊन आणल्यावर आत येऊन शू करतो. मेंदू थकलाय. औषधाने थोडा उतार पडला, पूर्ण नाही. भावाने गालिचे गुंडाळून माळ्यावर टाकलेत, बाळांची रबरी कापडं अंथरलीत, रात्री दोनचा गजर लावतो, आणि पाहुण्यांना दारातच सांगतो की चपला खाली ठेवू नका, स्टँडवर वरच्या कप्प्यात ठेवा.