धातूवरचे मीनाकाम : समूह-प्रदर्शनाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

बाजारात ‘एनॅमल’ या नावाने दारे-खिडक्यांना लावावयाचा डब्यातला रंग मिळतो. त्याचा या पाठाशी काही संबंध नाही. आम्ही येथे सांगणार आहो ते मीनाकाम, म्हणजे धातूवर काच वितळवून बसविण्याचे काम. निळ्या काठाची पांढरी ताटली पुष्कळ घरांत असे. ती हातून पडली की टवका उडून आतले काळे लोखंड उघडे पडे. उडाला तो टवका काचेचाच. जयपूरच्या दागिन्याच्या पाठीमागचा लाल-हिरवा मीना आणि ही स्वयंपाकघरातली ताटली यांची जात एकच, केवळ कुळाचार निराळा.

वडोदऱ्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, पुढे १९५० साली विद्यापीठात ललितकलांची शाखा निघाली. तेव्हा या गावात हातकामाचा पाठ छापण्यास सबब सांगावी लागत नाही. मात्र विद्यार्थ्यांचे मंडळ प्रदर्शन ठरविते तेव्हा तारीख आधी ठरते आणि काम मागाहून, ही रीत चित्रांना चालून जाते, मीनाकामास चालत नाही. म्हणून आरंभ भट्टीच्या हिशेबानेच करू.

मंडळात दहाजण आहेत आणि प्रत्येकाच्या तीन पाट्या मांडावयाच्या आहेत असे धरा. एका पाटीला मागचा थर एकदा, पुढचा तळथर एकदा आणि रंगांसाठी तीनदा, अशी पाच वेळा आच लागते. म्हणजे तीस पाट्यांच्या दीडशे फेऱ्या. एक फेरी दोन-तीन मिनिटांची खरी, पण दार उघडले की भट्टी निवते आणि तिला पुन्हा तापावे लागते. फेरीमागे दहा मिनिटे धरली तरी पंचवीस तास झाले, तेही एकही पाटी बिघडली नाही तर! विजेची लहान भट्टी एकच असेल तर तिची पाळी वहीत लिहून ठेवावी. शेवटच्या चार दिवसांत सारे मंडळ भट्टीपुढे उभे राहिले तर काम होत नाही, भांडणे मात्र होतात.

शिकावयास तांबे उत्तम. सुमारे एक मिलिमीटर जाडीचा पत्रा, हाताच्या तळव्याएवढा, पुरे. पितळ घेऊ नये. त्यातले जस्त आचेला उफाळून काचेत बुडबुडे आणते. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते आणि आपल्याला आच हवी ती ७५० ते ८५० अंशांची, म्हणून तेथे धोका नाही. धोका आहे तो निवताना. तांबे काचेपेक्षा पुष्कळ अधिक आकसते. वर काच आणि खाली नुसते तांबे असले की पाटी वाकते, तिचे पोट वर येते आणि काचेला तडा जातो. यावर उपाय एकच : पाठीलाही मीन्याचा थर द्यावयाचा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. पत्र्याला आधीच किंचित घुमट दिला तर आणखी चांगले.

प्रदर्शनात पाठ भिंतीकडे असते आणि ती कोणी पाहत नाही, म्हणून घाईच्या वेळी पहिली काट याच थरावर बसते. ओढ बसलेली पाटी भट्टीतून सुरेख निघते, दोन दिवस सुरेख राहते आणि मग कोणी हात न लावताही तडकू शकते. ती कोणी विकत नेली असेल तर तडा त्याच्या दिवाणखान्यात जाईल. आमचे स्पष्ट मत असे की ज्या पाटीची पाठ कोरी आहे ती भिंतीवर जाऊ नये, मग पुढची नक्षी कितीही गोड असो.

आता स्वच्छता. घरातील तांब्याची भांडी चिंचेने किंवा लिंबू-मिठाने उजळतात, तोच उपाय येथे चालतो. गंधकाम्ल वापरावयाचे तर दहा भाग पाण्यात एक भाग आम्ल, आणि आम्ल पाण्यात सोडावयाचे, पाणी आम्लात कधीच नाही. हे काम शिक्षकांच्या समक्षच व्हावे. धुतलेल्या पाटीवर पाणी सलग पसरले तर ती स्वच्छ. थेंब-थेंब उभे राहिले तर तेलकटपणा उरला आहे. यानंतर पाटी कडेनेच धरावी. बोटाचा एक ठसा पुढे काच सुटण्यास पुरतो.

रंगाची पूड तयार मिळते. ती मुळात काचच. कोबाल्टने निळी होते, तांब्याने हिरवी, कथिलाच्या भस्माने पांढरी व अपारदर्शक. पारदर्शक रंग हवा असेल तर पूड खलात पाण्याबरोबर घोटावी आणि वरचे दुधट पाणी निथळून टाकावे, ते स्वच्छ येईपर्यंत. हे पाणी मोरीत सोडू नये. पुष्कळ रंगांत शिसे असते. म्हणून पूड चाळताना नाकातोंडावर पट्टी हवी, हात धुतल्यावाचून खाऊ नये आणि मिळेल तेथे शिसेविरहित पूडच घ्यावी. जुन्या पुस्तकांत अ‍ॅस्बेस्टॉसचे हातमोजे सांगितलेले असतात, ते आता वर्ज्य.

पाटीवर डिंकाचे अगदी पातळ पाणी लावून बारीक चाळणीतून पूड सारखी पेरावी. कागद कापून त्यातून पेरली की नक्षी उठते. वाळलेल्या पुडीत काडीने रेघ ओढली तर खालचा रंग दिसतो. नवशिक्यांच्या समूहाला या दोन रीती पुरेशा आहेत. तारांची घरे करून रंग भरणे पुढच्या वर्षी. पूड पुरती वाळल्यावाचून पाटी आत घालू नये, नाहीतर वाफ थर उडवून देते.

आतले पाहणे हाच खरा अभ्यास. पूड आधी काळवंडते, मग साखरेसारखी रवाळ दिसते, मग संत्र्याच्या सालीसारखी, आणि शेवटी सपाट होऊन चमकते. चमक आली की बाहेर. तापलेला तांबडा काळपट दिसतो. भिऊ नये, निवताना तो परत येतो. जास्त आच लागणारा रंग आधी आणि नाजूक रंग शेवटी, हा क्रम जयपूरचे कारागीरही पाळतात. तेथे तांबड्याची पाळी अखेरची. पाटी पंख्याखाली किंवा पाण्यात निववू नये. कडेला काळी खपली धरते ती लगेच काढावी, नाहीतर शेजारच्याच्या पांढऱ्या पाटीवर ठिपके पडतात.

प्रत्येक रंगाची एक लहान चकती भाजून तिच्या मागे आच आणि मिनिटे लिहावीत, आणि या चकत्याही प्रदर्शनात एका मेजावर मांडाव्यात. पाहणाऱ्याला पाटीपेक्षा त्यांतच अधिक रस वाटतो, असा आमचा अनुभव आहे. टांगण्याची भोके मीना चढविण्याआधी पाडावीत, आणि सर्व पाट्या उद्घाटनापूर्वी आठ दिवस तयार करून नुसत्या ठेवून द्याव्यात. ज्यांना तडकावयाचे असेल त्यांतल्या बहुतेक त्या आठ दिवसांत तडकतील, आणि बदली पाटी भाजावयास वेळ राहील.