दोन घरचा पाहुणा

काल तू फोनवर किती हरखून सांगितलंस, "ताई, माझं कोलेस्टेरॉल १४८ आलं! आपल्या घरात एवढं कमी कुणाचंच नाही." आणि मी नुसतं "हं" म्हटलं. तुझा आवाज लगेच उतरला, ते मला कळलं. रात्रभर चुटपुट लागून राहिली. म्हणून आज सकाळी गरम पाण्यात हात बुडवून बोटं जरा सैल केली आणि लिहायला बसले.

बाळा, त्याच रिपोर्टचं दुसरं पान तू मला वाचून दाखवलंस ना? ईएसआर, म्हणजे अंगातल्या दाहाचं माप, ७२. हे दोन आकडे एकत्र वाचायचे असतात. आमवात पेटलेला असतो तेव्हा रक्तातलं कोलेस्टेरॉल आपोआप खाली येतं. दूध उतू जात असताना पातेल्यात उरलेलं दूध मोजावं, तसला प्रकार. आजार आटोक्यात आला की तोच आकडा वर चढतो, आणि मग बायका घाबरून म्हणतात, "बघा, औषधाने कोलेस्टेरॉल वाढवलं." त्यातल्या काही जणी औषधच सोडतात. म्हणून ही तपासणी आजार शांत असताना करायची. तुझ्या १४८ चं कौतुक आपण सहा महिन्यांनी करू.

आता खरं बोलते. माझ्या स्टेंटबद्दल तुला ठाऊक आहे. त्याच्या आधीचे सहा महिने मात्र मी कुणालाच सांगितलेले नाहीत, तुझ्या भावजींनासुद्धा नाही.

तेव्हा मी ४९ वर्षांची. आमवाताला तेरा वर्षं झालेली. मंडईतून पिशव्या घेऊन जिना चढायला लागले की दुसऱ्या मजल्यावर जबडा दुखायचा. छातीत काही नाही, फक्त कानाखालून हनुवटीपर्यंत एक ओढ. थांबले की दोन मिनिटांत जायची. मी म्हटलं, आता जबड्याचा सांधाही गेला. आपल्या आजारात तो सांधा धरतो, हे मला माहीत होतं ना! अर्धवट माहिती अशी नडते. अगं, सांध्याचं दुखणं असतं तर भाकरी चावताना दुखलं असतं. भाकरीला काही नाही, चकलीला काही नाही, दुखणं फक्त जिन्याला. हा साधा हिशेब मी सहा महिने केला नाही.

मग एकदा घाम फुटला आणि मळमळलं, तेव्हा दवाखान्यात गेले. तिथे इसीजी काढला, नॉर्मल आला, आणि पित्ताच्या गोळ्या हातात पडल्या. पुन्हा गेले तर म्हणाले, ट्रेडमिलवर चाला. माझ्या या गुडघ्यांनी! दीड मिनिटात मशीन थांबवलं, कागदावर "तपासणी अपूर्ण" असा शेरा आला आणि विषय तिथेच मिटला. ज्यांना पळता येत नाही त्यांचं हृदय बघायला दुसऱ्या तपासण्या आहेत, हे पुढे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सुईतून औषध देऊन ठोके वाढवतात आणि इको काढतात. नाहीतर सीटी स्कॅनवर हृदयाच्या धमन्या बघतात. माझ्या एका धमनीत ८० टक्के अडथळा निघाला. बसल्याजागी काढलेला इसीजी अशा वेळी बिनधास्त नॉर्मल येऊ शकतो, हे लक्षात ठेव.

तू म्हणशील, ताईचं वय झालं होतं, मी तर ३८ ची. म्हणूनच लिहितेय. २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला होता. तिथल्या दवाखान्यांतल्या सुमारे दोन कोटी वीस लाख माणसांच्या नोंदी चाळून त्यांनी आपल्या आमवातासारखे एकोणीस ऑटोइम्यून आजार बघितले. असा एखादा आजार असलेल्यांत हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा त्रास साधारण दीडपट निघाला. पण ४५ च्या आतल्यांत हे प्रमाण दुपटीच्याही वर गेलं. म्हणजे वयाची ढाल आपल्याला इतरांइतकी पुरत नाही. युरोपातले संधिवाततज्ज्ञ तर सरळ सांगतात की आमवाताचा रुग्ण असेल, तर हृदयविकाराचा नेहमीच्या पद्धतीने काढलेला धोका दीडने गुणा. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या हिशेबात आमवात, ल्युपस आणि स्टेरॉइड यांचे वेगळे रकानेच आहेत.

तुझ्या नणंदेला ल्युपस आहे, तोही याच जातीचा आजार. तिला हे सांगताना मात्र जपून सांग. पिट्सबर्गमध्ये १९९७ साली झालेल्या एका अभ्यासात ल्युपस असलेल्या ३५ ते ४४ वयाच्या बायकांना हार्ट अ‍ॅटॅक येण्याचं प्रमाण इतर बायकांच्या पन्नासपटीहून जास्त आढळलं होतं. पन्नास म्हटलं की काळजात धस्स होतं. पण त्या वयात बायकांना हा झटका येतोच इतका क्वचित, की पन्नासपट होऊनही बहुतेकींना तो येत नाही. आकड्याने घाबरायचं नाही. पण त्या वयाच्या ल्युपसच्या बाईने छातीत कळ आली म्हणून सांगितलं, तर "एवढ्या तरुणपणी कुठे काय" असं म्हणून तिला घरी पाठवायचं नाही, एवढा अर्थ त्यातून घ्यायचा.

हे का होतं, ते मला त्याच डॉक्टरीणबाईंनी माझ्या फुगलेल्या मनगटावर बोट ठेवून सांगितलं. म्हणाल्या, "इथे बाहेर जी सूज दिसतेय ना, तशीच जळजळ रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातही चालू असते. ती दिसत नाही आणि दुखतही नाही." त्या अस्तराला इजा झाली की तिथे चरबीचा थर लवकर बसतो, आणि बसलेला थर लवकर फुटतो. फुटला की गुठळी. म्हणून आमवात नीट आवरला की हृदयाचंही भलं होतं. आपली ती मेथोट्रेक्सेटची शनिवारची गोळी, जिच्या नावाने तू दर आठवड्याला नाक मुरडतेस, ती घेणाऱ्या आमवाताच्या रुग्णांत हृदयाचे त्रास कमी आढळले आहेत. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची हे तू जाणतेसच. पण घरात कुणी मदतीला म्हणून रोज काढून देत नाही ना, तेवढं बघ. नणंदेची एचसीक्यू, म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, तीही अशीच गुणाची. २०२० मध्ये कोरोनावर उपाय म्हणून लोकांनी तिच्यावर झडप घातली आणि ल्युपसच्या बायका मेडिकलच्या दारात रांगा लावून बसल्या, आठवतं? डोळ्यांची तपासणी वेळेवर करायची, पण ती गोळी मनाने बंद करायची नाही.

आता तुझ्या त्या बिस्किटांच्या डब्याकडे येते. हो, गोळ्यांचा डबा. दिवाळीत तुझ्याकडे आले होते तेव्हा उघडून बघितला मी, रागावू नकोस. डायक्लोफिनॅकच्या तीन पट्ट्या, एटोरिकॉक्सिबच्या दोन, आणि त्यातली एकही चिठ्ठीवरची नाही. मेडिकलवाला ओळखीचा आहे, देतो. या सगळ्या दुखणं मारणाऱ्या गोळ्या आहेत. त्यांनी आजार तसूभर हलत नाही. उलट अंगात पाणी धरतं, बीपी चढतं, मूत्रपिंडावर ताण येतो आणि हार्ट अ‍ॅटॅकचा धोका वाढतो. याच जातीची व्हायॉक्स नावाची गोळी जगभर खपत होती. हृदयाचे झटके वाढतात असं दिसल्यावर २००४ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीनेच ती बाजारातून काढून घेतली. मी काही एकही घेऊ नकोस म्हणत नाही. सकाळी बांगडी मनगटावरून सरकत नाही, दुधाची पिशवी दाताने फाडावी लागते, ते दिवस मी जगलेय. पण कमीत कमी दिवस घे, आणि डॉक्टरांना खरा आकडा सांग. आणि मला हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू आहे, तसं कुणाला चालू असेल तर वर आयबुप्रोफेन घेण्याआधी विचारायलाच हवं. ती अ‍ॅस्पिरिनचं काम अडवते.

स्टेरॉइडचं अवघड आहे. त्याला शिव्या देणं सोपं, पण त्याने माणसं अंथरुणातून उठवली आहेत. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टरला, मेयो क्लिनिकमध्ये, डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिझोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. दोन वर्षांत नोबेल मिळालं त्यांना. पण जास्त दिवस, जास्त मात्रेत घेतलं की साखर, बीपी, वजन, चरबी सगळं वर. म्हणून डॉक्टर ते हळूहळू उतरवत शून्याकडे नेतात. ते त्यांनीच उतरवायचं, आपण एकदम बंद करायचं नाही. त्याने जिवावर बेतू शकतं. आणि ती वहिनी देते ती गावाकडची पुडी? तिसऱ्या दिवशी दुखणं पळतं आणि महिन्याभरात चेहरा पुरणपोळीसारखा भरतो, तर ती झाडपाल्याची किमया नाही गं. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

तुमच्याकडच्या डॉक्टरांनी पुढे आमवातावरच्या टोफॅसिटिनिबचं नाव काढलं, तर घाबरू नकोस, पण एक प्रश्न विचार, "माझ्या हृदयाला ती चालेल ना?" इंजेक्शन नाही, नुसती गोळी, म्हणून ती सोयीची वाटते. पण पन्नाशीच्या पुढच्या आणि हृदयाच्या धोक्याची एखादी तरी खूण असलेल्या रुग्णांत ती वापरून बघितली, तेव्हा आमवातावरच्या इंजेक्शनांच्या मानाने हृदयाचे झटके थोडे जास्त दिसले. तंबाखू ओढणाऱ्यांत तर जास्तच.

तंबाखू म्हटलं की तू म्हणणार, मी कुठे ओढते? मशेरी, बाई, मशेरी! तव्यावर भाजलेला तंबाखूच तो. आईनेही जन्मभर "दातच तर घासतेय" म्हणत लावली आणि तू तिचा डबा वारसाहक्काने घेतलास. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाल्यावर एकदा, रात्री झोपताना एकदा. डॉक्टरांनी "तंबाखू?" विचारलं की तू मान हलवून "नाही" म्हणतेस, कारण त्यांना विडी-सिगारेट अभिप्रेत आहे असं तुला सोयीस्कररीत्या वाटतं. पुढच्या वेळी खरं सांग. लाज वाटली तर मला बरोबर ने, मी सांगते.

खाण्यापिण्याचं जास्त लांबवत नाही, ते तुला पाठ आहे. पापड-लोणचं कमी, एकादशीला दुप्पट खाणं बंद, आणि चालणं. सांधे सुजले की पडून राहावंसं वाटतं. पण सूज उतरल्यावरही आपण पडूनच राहतो, तिथे चुकतो. मनगट दुखत असेल तर सूर्यनमस्कार नको, सपाटीवर चाल. दहा मिनिटांनी सुरुवात कर.

आता मुख्य गोष्ट. स्टेंटनंतर मी माझी फाइल काढून बसले. तेरा वर्षांच्या कागदांवर सांध्यांच्या सुजेची टिपणं पानोपानी. कोलेस्टेरॉल किती वेळा तपासलं होतं? एकदा. बीपी? कधी लिहिलंय, कधी नाही. संधिवाताच्या डॉक्टरांना वाटायचं, बीपी-कोलेस्टेरॉल फॅमिली डॉक्टर बघत असतील. फॅमिली डॉक्टर म्हणायचे, "तुमचं ते मोठ्या डॉक्टरांकडे चालू आहे ना, मी कशाला हात घालू?" दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं माझं हृदय तेरा वर्षं दोन दवाखान्यांच्या मधे उपाशी राहिलं. कुणा एकाची चूक म्हणून बोट दाखवता येत नाही, याचाच मला जास्त राग येतो.

आणि आपणही सांगत नाही. ज्या रोचेस्टरमध्ये कॉर्टिझोन टोचलं गेलं, तिथल्याच रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की आमवाताचे रुग्ण छातीत दुखल्याची तक्रार इतरांपेक्षा कमी करतात, आणि कुणाच्या लक्षात न आलेले हार्ट अ‍ॅटॅक त्यांच्यात जास्त निघतात. मला त्यात काही नवल वाटलं नाही. रोज बारा ठिकाणी दुखणाऱ्या बाईने तेरावं ठिकाण कुणाला आणि किती वेळा सांगायचं? दमणूक आली की म्हणायचं वाताची, धाप लागली की रक्त कमी असेल, खांदा दुखला की तो आहेच आपला. तुला म्हणून एक खूण सांगून ठेवते. चालताना, चढताना जे येतं आणि थांबल्यावर जातं, मग ते जबड्यात असो, पाठीत, हातात की नुसती धाप, ते सांध्याच्या खात्यावर टाकायचं नाही. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि बसल्याजागी सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, वर घाम, मळमळ असेल, तर चहा करायला उठू नकोस, कुणाची वाट बघू नकोस. १०८ ला फोन लाव.

तुझी पुढची भेट १२ तारखेला आहे ना? मशेरीचा डबा आणि गोळ्यांचा डबा, दोन्ही पिशवीत घालून ने. डॉक्टर सांधे दाबून झाले आणि "ठीक आहे, तीन महिन्यांनी या" म्हणाले, की त्यांना विचार, "माझं हृदय कोण बघतंय, तुम्ही की आमचे फॅमिली डॉक्टर?" नाव सांगेपर्यंत खुर्चीवरून उठू नकोस.