शास्त्रीय निबंधाचा गोषवारा

व्यापाऱ्याच्या वहींत पानेंच्या पानें रकमा मांडलेल्या असतात. पण धनी प्रथम पाहतो तो गोषवारा. जमा किती, खर्च किती आणि शिल्लक काय, हें त्यास एका दृष्टिक्षेपांत कळावें लागतें. शास्त्रीय परिषदेकडे धाडावयाच्या निबंधाचेंही असेंच आहे. १९९३ सालीं राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली, तेव्हांपासून शाळेंतील मुलांनाही आपलें संशोधन मांडण्याची संधि मिळूं लागली. परंतु परिषद कोणतीही असो, निबंध स्वीकारावा कीं नाहीं हें बहुधा त्याच्या गोषवाऱ्यावरूनच ठरतें. वर्षभराचे श्रम एका पानावर तोलले जातात; म्हणून तें पान कसें लिहावें याचा आज विचार करूं.

उदाहरण आपल्या किनाऱ्यावरीलच घेऊं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. पुढें शहरांत विजेच्या ट्रामगाड्या आणावयाचें ठरलें. त्यांच्या विद्युत्प्रवाहानें तेथील नाजूक उपकरणें बिघडलेलीं मापें दाखविणार हें उघड होतें. म्हणून संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं अलिबागेस नवी वेधशाळा उभारण्यांत आली. १९०७ सालीं ट्राम धांवूं लागली, तेव्हां अलिबागचें काम सुरळीत चाललें होतें.

आतां ह्या कार्याचा गोषवारा लिहावयाचा झाल्यास चार प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतील. पहिला, प्रश्न कोणता होता? जागा बदलली तरी नोंदींची माला अखंड राहील काय, हा. दुसरा, काय केलें? १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं मापें घेतलीं. तिसरा, काय आढळलें? दोन्ही ठिकाणच्या मापांत किती फरक पडतो तें. चौथा, त्याचा अर्थ काय? अलिबागच्या नोंदी मुंबईच्या नोंदींस जोडतां येतात, हा. एवढें सांगितलें कीं गोषवारा पुरा झाला.

यांपैकीं तिसऱ्या उत्तरांत आंकडा हवाच. १८५९ च्या सप्टेंबरांतील चुंबकीय वादळाच्या वेळीं ‘चुंबकत्व फार घटलें’ एवढेंच कोणी लिहून ठेविलें असतें, तर तें आज निरुपयोगी ठरलें असतें. कुलाब्याच्या नोंदवहींत मात्र मापें होतीं. तीं आजच्या परिमाणांत सुमारें १६०० नॅनोटेस्लांची घट दाखवितात. आणि त्यांच्याच आधारें २००३ सालीं शास्त्रज्ञांस त्या वादळाची तीव्रता अजमावतां आली.

बाह्य रूपाचे नियमही ध्यानांत ठेवावे. वर शीर्षक, त्याखालीं लेखकांचीं व शाळेचें नांव, मग एकच परिच्छेद. शब्दमर्यादा परिषद ठरवील ती पाळावी. ती बहुधा २५० ते ३०० शब्दांची असते. आकृति, कोष्टकें व ग्रंथांचे उल्लेख गोषवाऱ्यांत घालूं नयेत. केलेलें काम भूतकाळांत सांगावें. प्रस्तावना एकदोन वाक्यांत आटोपावी. ‘निष्कर्ष पुढें सांगितले जातील’ असें आश्वासन तर कधींच देऊं नये, कारण निष्कर्षासाठींच वाचक आलेला असतो. आणि गोषवारा सर्वांच्या वर छापला जात असला, तरी तो लिहावा सर्वांच्या शेवटीं.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. समजा, तुम्हीं खाडीकांठच्या दहा विहिरी तपासल्या आणि तिहींचें पाणी खारट आढळलें. ‘दहांपैकीं तीन’ असें लिहाल तर तें शास्त्र झालें. ‘किनाऱ्यावरील विहिरी खाऱ्या झाल्या’ असें लिहाल तर ती नुसती वार्ता झाली. छोटा निष्कर्ष मोठा करून दाखविण्याचा मोह परिषद जवळ आली कीं सर्वांनाच होतो. आम्हांसही तो झालेला आहे.

पालकांसही एक विनंति. मुलाचा गोषवारा आपण लिहून देऊं नये. तो वाचून झाल्यावर ‘तुला नेमकें काय सांपडलें?’ एवढेंच विचारावें. उत्तर कागदावर असेल तर गोषवारा साधला. नसेल तर मूल स्वतःच पुन्हां लेखणी उचलील. तिजोरींत नसलेली शिल्लक वहींत दाखवूं नये, आणि असलेली लपवूंही नये, हा व्यापाऱ्याचा धर्म शास्त्राच्या अभ्यासकासही लागू आहे.