स्वप्न सांगताना काही गाळू नकोस

चि. छकुली,

परीक्षेच्या हॉलशी पोचतेस आणि हॉल तिकीटच सापडत नाही, हे स्वप्न तुला सारखं पडतंय. त्यावरून ‘नोकरी सोडू का’ असं विचारतेस. आधी ते स्वप्नफलाचं पुस्तक बाजूला ठेव. साप दिसला की धनलाभ, असली यादी तुझ्याबद्दल काय सांगणार? त्यापेक्षा बहिणाबाई वाच. जळगावच्या चौधरी नव्हेत, शिऊरच्या, तुकोबांच्या शिष्या.

१६४० साली कोल्हापुरात तिच्या स्वप्नात तुकोबा आले आणि त्यांनी मंत्र दिला. तेव्हा ती जेमतेम बारा वर्षांची, तुकोबांना तिने पाहिलेलंही नव्हतं. पुढे अभंगांत तिने हे सांगितलं, पण मला मोल वाटतं ते स्वप्नाआधीच्या हकिकतीचं. घरच्या गाईचं वासरू तिच्या मागे मागे फिरे, जयरामस्वामींच्या कीर्तनालाही येई. लोक कुजबुजले, नवऱ्याने तिला बेदम मारलं. वासराने चारा सोडला, ते मेलं. ही बेशुद्ध पडली आणि मग स्वप्न. ब्राह्मणाच्या बायकोने कुणब्याला गुरू करावं म्हणून नवरा किती भडकला, तेही ती झाकत नाही. मारहाण वगळून नुसता चमत्कार सांगितला असता, तर ती पूजेपुरती उरली असती.

स्वप्नाने ती बदलली, असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. स्वप्न मनात दाबून टाकता आलं असतं. तिने ते बोलून दाखवलं, त्यापायी सोसलं आणि शेवटी नवऱ्यासकट देहू गाठलं. बोललेल्या गोष्टीला माणूस बांधला जातो. तुकोबांचंच बघ ना: नामदेवांनी स्वप्नात येऊन कवित्वाचं काम सांगितलं, असं एकदा चारचौघांत म्हटल्यावर अभंग रचणं टाळणार कसं? बहिणाबाईला तर सांगायची इतकी ओढ, की १७०० साली मरणाच्या दारात ती मुलाला मागच्या बारा जन्मांच्या गोष्टी सांगत होती. जन्म खरे की खोटे ते राहू दे.

तू एवढंच कर. उशाशी वही ठेव आणि जाग येताच लिही. दात घासून येईपर्यंत निम्मं उडालेलं असतं. अर्थ लावू नकोस. हॉल कुठल्या कॉलेजचा, शेजारी कोण बसलेलं, तिकीट मागणाऱ्याचा चेहरा कुणासारखा, हे लिही. आदल्या दिवशी ऑफिसात काय झालं तेही. मग एकाच माणसाला सांग, जो मध्येच ‘अगं, म्हणजे...’ करत अर्थ सांगायला धावणार नाही. तुझ्या आईला नको, ती लगेच देवळात नारळ फोडेल. सांगताना आपण नेमकं काय गाळतोय, त्यावर लक्ष ठेव. तुझ्या पत्रातही साहेबांबद्दलची एक ओळ तू इतकी गिरवून खोडलीस, की कागद फाटलाय.

गणपतीत येशील तेव्हा वही आण. त्या ओळीपासून सुरुवात करू, राजीनाम्याचं नंतर पाहू.

तुझी,
मावशी