हात मागे घ्या, ताई

हे पहिल्यांदा पडले ते कपाट उघडताना. दार अंगाकडे ओढलं, दाराबरोबर एक पाऊल मागे आले आणि थेट पाठीवर. ठेच नाही, चक्कर नाही, हात टेकायची धडपडसुद्धा नाही. तोडलेला ओंडका आडवा व्हावा तसे. मी स्वयंपाकघरातून धावत आले तेव्हा छताकडे बघत पडले होते, किल्ली मुठीत तशीच. "काय झालं?" तर म्हणे, "काही नाही." मी फरशी चाचपून बघितली. कोरडी होती. तरी रात्री मुलाला फोनवर सांगताना मी "फरशी ओली होती" असंच सांगितलं.

ती माझी पहिली थाप. पुढच्या दीड वर्षात अशा बऱ्याच मारल्या, त्याही डॉक्टरांसमोर.

हे भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. सातारा जिल्ह्यात तीस वर्षं शेतांच्या मोजण्या केल्या. वीतभर रुंद बांधावरून, खांद्यावर सामान घेऊन, दोन्हीकडच्या चिखलात पाय न घालता चालणारा माणूस. त्याचा तोल जाऊ शकतो हे आम्हाला पटायलाच तयार नव्हतं. मग दोष चपलेला दिला, वयाला दिला, चष्म्याला दिला. चष्मा तर तीनदा बदलला. जिन्यावरून उतरताना पायरी चुकायची, जेवताना आमटी शर्टावर सांडायची, ताटात काय वाढलंय ते न बघताच घास घ्यायचे. मी चिडायचे, "जरा खाली बघून जेवा की." त्यांना खाली बघताच येत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्याच वर्षी गणपतीत एक गोष्ट झाली. आरती संपली, सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या, यांच्या चालूच. पाच-सहा टाळ्या जास्तीच्या. सून हसली, मी म्हटलं, निवृत्तीनंतर भक्ती वाढलीय. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याचे फोटो काढले. दुसऱ्यांनी बी-१२ची इंजेक्शनं दिली. तिसऱ्यांनी हालचाली मंद झाल्यात, आवाज बारीक झालाय हे बघून पार्किन्सन म्हटलं आणि लेवोडोपा सुरू केलं. त्यात कुणाची हयगय नव्हती. त्यांना जे दिसलं त्यावरून त्यांनी ठरवलं. दाखवणारी मी होते. दवाखान्याच्या दारापासून खुर्चीपर्यंत जेमतेम सहा पावलं असतात आणि त्या सहाही पावलांत माझा हात यांच्या कोपराखाली असायचा. डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?" की हे तोंड उघडायच्या आत मी म्हणायचे, "तसं बरंय." "पडतात का?" "एखाद्या वेळी." एखाद्या वेळी म्हणजे आठवड्यातून दोनदा. नवऱ्याची अब्रू झाकायची सवय बाईला इतकी असते की ती कुठे सोडायची हेच कळत नाही. शिवाय डॉक्टरांसमोर माणूस आपोआप ताठ होतो, पोराटोरांनी परीक्षेत अक्षर चांगलं काढावं तसा. घरी उंबरा ओलांडायला दोन मिनिटं लागणारे हे तिथे तरातरा चालायचे.

गोळ्यांचा म्हणावा तसा गुण येईना, म्हणून मुलगा पुण्याला घेऊन गेला. तिथल्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी यांना बाहेरच्या लांब बोळात चालायला सांगितलं. मी सवयीने उठले, हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "ताई, आज हात मागे घ्या. त्यांना धरायला मी आहे."

हात मागे बांधून मी भिंतीशी उभी राहिले आणि दीड वर्षात पहिल्यांदाच यांना नुसतं बघितलं. मान ताठ, किंचित मागे झुकलेली. चालताना पाय बरे पडत होते, पण वळायची वेळ आली की अंग एकदम फिरायचं आणि पाय मागे राहायचे. बाईंनी चालता चालता "काल जेवायला काय होतं?" विचारलं, तर हे जागच्या जागी थांबले, मग उत्तर दिलं. मग खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं: हे ताडकन उठले आणि तितक्याच जोरात धप्पकन मागे बसले. "बांधावरून चालल्यासारखं चाला," असं मीच सुचवलं, कारण टाचेला चवडा लावून चालायचं म्हणजे काय ते यांना समजेना. बांध म्हटल्याबरोबर समजलं. दोन पावलांत बाईंनी यांना सावरलं.

मग त्या मागे उभ्या राहिल्या, त्यांच्या मागे भिंत, बाजूला मदतनीस. "मी खांदे मागे ओढणार आहे, तुम्ही पाऊल टाकून सावरा," असं आधी सांगितलं आणि झटका दिला. धडधाकट माणूस एक-दोन पावलं मागे येऊन सावरतो. यांनी पाऊल टाकलंच नाही. कपाटापाशी पडले होते तसेच सरळ त्यांच्या हातांत आले. शेवटी बोट डोळ्यांसमोर वरखाली नेऊन नजर तपासली आणि म्हणाल्या, "तीन टाळ्या वाजवा. तीनच." यांनी सात वाजवल्या. मला आमचा गणपती आठवला आणि बसायला खुर्ची लागली. (जास्तीच्या टाळ्या फक्त याच आजारात पडतात असं नाही. पण बाकीच्या खुणांबरोबर त्यांना वजन येतं.)

आजाराचं नाव प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, बोलताना पीएसपी. १९६४ साली कॅनडातल्या तीन डॉक्टरांनी त्याचं नीट वर्णन केलं. मेंदूच्या काही भागांत टाऊ नावाचं प्रथिन साचतं आणि पेशी मरतात. लाखात पाच-सहा जणांना होतो. सुरुवातीला पार्किन्सनसारखाच दिसतो, पण पार्किन्सनमध्ये पडणं सहसा बऱ्याच वर्षांनी येतं, यात ते पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच येतं, आणि तेही बहुधा मागे. लेवोडोपाचा गुण येत नाही, आला तरी थोडाच आणि थोडे दिवस. पूर्ण बरं करणारं औषध आज नाही. म्हणजे मी खरं बोलले असते तर हे बरे झाले असते असं नाही. पण दीड वर्षातली निम्मी पडझड टळली असती, कारण काय सांभाळायचं ते कळलं असतं.

आमच्यासारखं कुणाच्या घरी चाललं असेल तर पहिलं काम वहीचं. मी वही नाही, स्वयंपाकघरातलं कालनिर्णय घेतलं. पडले की त्या तारखेच्या चौकोनात बाण काढायचा: पुढे पडले तर वर, मागे तर खाली, कुशीवर तर आडवा. बाजूला दोन शब्द: "कपाट", "वळताना", "उठताना", "रात्री लघवी". गोळी घेऊन किती वेळ झाला होता ते. आपले आपण उठले का. आणि पडता पडता वाचले तर टिंब, कारण भिंतीने किंवा सुनेने वाचवलेलं पडणंही पडणंच असतं. दोन महिन्यांची पानं टेबलावर ठेवली तेव्हा बाईंनी एमआरआयच्या फिल्मपेक्षा जास्त वेळ त्यांच्याकडे बघितलं. खाली वळलेल्या बाणांची रांगच होती.

दुसरं, मोबाइलवर चित्रण. चेहऱ्याचं नको, पाय दिसू देत. एकदा समोरून, एकदा बाजूने. उठताना, वळताना, दारातून जाताना. रोजच्या चपलेत, रोजची काठी असेल तर काठीसकट. चित्रण करणारा वेगळा आणि शेजारी चालणारा वेगळा. दोन्ही कामं एकट्याने करू नका.

आणि एक काम अजिबात करू नका. पुण्याहून आल्यावर महिन्याभरात मुलाने "बघू या सुधारणा आहे का" म्हणून यांना दिवाणखान्यात उभं करून मागून खांदे ओढले. त्याला वाटलं, मी आहे की धरायला. सत्तर किलोचा माणूस पाऊल न टाकता मागे आला की धरायला दोन हात पुरत नाहीत. दोघेही पडले. यांच्या डोक्याला मागे चार टाके आणि पोराच्या मनाला जे लागलं त्याला टाके नाहीत. खांदे ओढून बघणं, डोळे मिटून उभं करणं, एका पायावर उभं करणं ही तपासणाऱ्याची कामं आहेत. घरी फक्त बघायचं आणि लिहायचं.

घड्याळाचीही एक गंमत सांगते. फिजिओथेरपिस्टकडे १९९१ पासून चालत आलेली एक साधी चाचणी असते: हाताच्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका समजतात. यांनी अकरात उरकलं! मी खूश. फिजिओथेरपिस्ट मुलगी मात्र खूश नव्हती. म्हणाली, "काकू, वेळ बघू नका, उठणं बघा." ताडकन उठण्यात आणि धप्पकन बसण्यात यांचे तीन सेकंद वाचले होते, आणि पडायचा धोका नेमका त्याच दोन ठिकाणी होता. या आजारात माणसाला आपण घसरतोय याची जाणीवच बोथट होते, म्हणून तो घाई करतो. तिने मग बर्ग यांची चौदा कामांची, छप्पन गुणांची तपासणीही केली, पण कागदावर आकड्याखाली लिहिलं, "उठताना घाई, वळताना मागे झोक." मला विचाराल तर त्या दोन ओळींचं मोल छप्पन गुणांपेक्षा जास्त.

सगळ्यांना एकच फूटपट्टी लागत नाही, हे तिच्याच दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून शिकले. शेजारी पस्तिशीचा एक मुलगा होता, पाय फाकवून झोकांड्या खात चालायचा. लहान मेंदूचा, घराण्यातून आलेला अटॅक्सिया. एसटीच्या वाहकाने दारुड्या म्हणून खाली उतरवला होता, तेव्हापासून डॉक्टरांची चिठ्ठी खिशात. त्याचं घड्याळ वेगळं: त्याच्यासाठी आठ कामांची चाळीस गुणांची चाचणी, चालणं, उभं राहणं, बसणं, बोलणं, बोटाने नाक शिवणं. जितके गुण जास्त तितका त्रास जास्त. आणि त्याला पहिला प्रश्न घरातल्या माणसांचा: वडील कसे चालायचे, आत्या कशी बोलायची? "आमच्या घरात सगळेच म्हातारपणी असे चालतात," हे वाक्य कुणाच्या तोंडी असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब दोनदा मोजायला सांगा: पाच मिनिटं आडवं राहिल्यावर, आणि उभं राहून तीन मिनिटांत. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर पडण्याचं मूळ तिथे असू शकतं. नुसता बसून घेतलेला रक्तदाब यात कामाचा नाही. पाय फरशीला चिकटल्यासारखे उचलत नसतील, लघवी आवरत नसेल, विसरायला होत असेल, तर डोक्यात पाणी साचण्याचा आजार आहे का हे मुद्दाम विचारा. त्यात कमरेतून तीस ते पन्नास मिली पाणी काढून आधीचं आणि नंतरचं चालणं मोजतात, आणि फरक पडला तर नळी बसवून बऱ्याच जणांना चांगला उपयोग होतो. म्हातारपण म्हणून माणसाला घरात बसवून ठेवलं तर मात्र हातचं जातं.

आमच्या घरात काय बदललं? उंबऱ्यावर मी मोठ्या हौसेने पिवळी पट्टी चिकटवली होती. शून्य उपयोग, जो खाली बघू शकत नाही त्याला जमिनीवरची पट्टी कशी दिसणार? आता उंबराच काढलाय आणि दाराच्या चौकटीला डोळ्यांच्या उंचीवर लाल पट्टी आहे. पायपुसणी गेली, पाट गेले. दोन भिंगांचा चष्मा गेला, वाचायचा वेगळा आला. ताट उंच चौरंगावर येतं. हलका वॉकर हे उचलून मागेच पडायचे, म्हणून पुढे वजन बांधलेला चाकांचा घेतला. कपाटाचं दार काढून पडदा लावला. वळायचं ते जागच्या जागी नाही, शेतात बैल वळतो तसं लांबून, हे वाक्य यांचंच.

दर महिन्याला एकाच वेळी, एकाच चपलेत चालणं मोजायचं ठरलं, तेव्हा बोळात तीन मीटरवर मी खडूने रेघ मारली. हे खुर्चीत. बारीक, ओढत्या आवाजात म्हणाले, "टेप आण." मी म्हटलं, "अहो, अंदाजे आहे." "मोजणी अंदाजे नसते." कपाटातून त्यांचा जुना टेप काढला, एक टोक त्यांच्या मुठीत दिलं, दुसरं रेघेपर्यंत नेलं आणि आकड्यावर बोट घट्ट धरून टेप त्यांच्या डोळ्यांसमोर आणला. दोन मीटर ऐंशी.

"वीस सेंटिमीटर खाल्लेस," म्हणाले. मी रेघ पुसून पुढे सरकवली आणि हात मागे घेऊन उभी राहिले.