मिनी ट्रॅक्टरच्या टायरमध्ये पाणी: आधी विचारा, मग मोजा, मग भरा

गेल्या भागात आपण पंक्चरच्या दुकानाला कोणते जोडधंदे लावता येतात ते बघितलं. त्यातला एक मी घाईत उरकला होता, तो आज नीट घेऊ: मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरून देणं.

आपल्या एका बॅचला निफाडकडचा एक तरुण होता. त्याने हे काम धडाक्यात सुरू केलं. पाणी घरच्या विहिरीचं, मेहनत थोडी, गिऱ्हाईक दारात. येईल त्याच्या टायरमध्ये भर पाणी! ऑक्टोबर छाटणीनंतर एक द्राक्षबागायतदार तणतणत परत आला. ओल्या जमिनीत ब्लोअर घेऊन फवारणीला गेला, तर बागेच्या ओळींमध्ये चाकांनी चर पाडले होते. पाणी फुकटात काढून द्यावं लागलं, आणि गावात नाव झालं ते वेगळंच. पाणी त्याने बरोबर भरलं होतं. फक्त एक प्रश्न विचारायचा राहिला: "दादा, ट्रॅक्टरला जोडता काय?"

पाणी भरायचं कशासाठी, ते आधी समजून घ्या. मिनी ट्रॅक्टर वजनाला हलका. नांगर किंवा मोगडा जमिनीत शिरला की मागे ओढ बसते, टायरची पकड सुटते आणि चाक जागेवर फिरायला लागतं. डिझेल जळतं, टायर झिजतो, रान मात्र पुढे सरकत नाही. टायरमध्ये पाणी भरलं की वजन थेट चाकावर येतं, तेही खालच्या बाजूला, त्यामुळे बांधावर-उतारावर ट्रॅक्टर जरा स्थिरही राहतो. 1 लिटर म्हणजे 1 किलो, हिशोब सोपा. 8.3-20 मापाच्या टायरमध्ये साधारण 50 ते 60 लिटर मावतं, म्हणजे दोन चाकांना मिळून शंभर-सव्वाशे किलो.

आता रोटाव्हेटरचं बघा. त्याची पाती फिरताना ट्रॅक्टरला उलट पुढेच ढकलतात. तिथे ओढीचा प्रश्न फारसा नाही, पाण्याचा उपयोगही फारसा नाही. फवारणीला तर टाकीचंच वजन मागे असतं. म्हणजे जो बागायतदार वर्षभर रोटा आणि ब्लोअरच चालवतो, त्याला सरळ सांगा, "तुम्हाला गरज नाही." आज एक काम जाईल, जाऊ द्या. भाताच्या चिखलणीलाही जास्तीचं वजन नको, ट्रॅक्टर रुतेल. तुमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे नांगरट आणि मोगडा करणारा, त्यातही भाड्याने ट्रॅक्टर चालवणारा. तो डिझेल रोज मोजतो.

त्याच्यासमोर बडबड करू नका, मोजून दाखवा. टायरवर खडूने खूण करा. अवजार वर उचलून, ज्या रानात काम आहे तिथेच चाकाचे 10 फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवा आणि अंतर टेपने मोजा. मग अवजार जमिनीत घालून, तोच गिअर, पुन्हा 10 फेरे. समजा पहिल्यांदा 29 मीटर आले आणि दुसऱ्यांदा 22. सात मीटर गेले घसरण्यात, म्हणजे 24 टक्के. नांगरटीत 10 ते 15 टक्के घसरण चालते, किंबहुना थोडी हवीच. पाणी भरल्यावर तेच अंतर 25 मीटर झालं, तर घसरण 14 टक्क्यांच्या आत आली. याचा ढोबळ अर्थ काय? आधी 8 तास लागायचे ते रान आता 7 तासांत. भाड्याने चालवणाऱ्याला एका तासाचं मोल तुम्ही समजावायची गरज नाही. घसरण आधीच 15 च्या आत असेल तर पाणी भरू नका, उगाच वजन ओढायलाही डिझेल लागतंच.

भरायची पद्धत: ट्रॅक्टर सपाट जागी, पुढच्या चाकांना ओट लावलेली, मागचं चाक जॅकवर जमिनीपासून जेमतेम सुटं. वॉल सगळ्यात वर आणा, पिन काढा, हवा सोडा. हवा-पाण्याचा अडॅप्टर लावून स्वच्छ पाणी सोडा, त्यातून आतली हवा बाहेर पडत राहते. वॉलमधून पाणी यायला लागलं की थांबा, टायर साधारण 75 टक्के भरला. याच्या वर भरायचं नाही, उरलेल्या जागेत हवाच हवी, नाहीतर टायर दगडासारखा होतो आणि धक्के गाडीला बसतात. वॉल आसाच्या उंचीला ठेवलात तर निम्माच भरेल, कमी वजन हवं तेव्हा हे कामाला येतं. दोन्ही चाकांत पाणी सारखं. मग कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला हवेचा दाब. साधं गेज पाण्याने खराब होतं, पाण्याला चालणारं वेगळं घ्या. आत हवा थोडीच असल्याने थोडी गळती झाली तरी दाब पटकन उतरतो, हे गिऱ्हाईकाला सांगून ठेवा. आणि पुढे पंक्चर निघालं तर भरलेलं चाक एकट्याने उतरवायला जाऊ नका. आधी पाणी काढा.

थंड मुलखात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड टाकतात. आपल्याकडे त्याची गरज नाही, आणि ते रिमला गंज आणतं.

दर ठरवताना बरेच जण टायरमागे पैसे सांगतात. मी दोन फेऱ्यांचा एकच दर सांगेन: उन्हाळी नांगरटीआधी भरणं आणि पावसाळ्याच्या तोंडावर काढणं, दोन्ही वेळा खडू-टेपची मोजणी धरून. टाकी, छोटा पंप, जॅक, अडॅप्टर आणि कॉम्प्रेसर पिकअपमध्ये मावतं, त्यामुळे बांधावर जाता येतं. त्या निफाडच्या पोराने आता एक वही केली आहे. प्रत्येक ट्रॅक्टरचं एक पान: टायरचं माप, अवजारं, आधीची घसरण, नंतरची घसरण, भरल्याची तारीख. काढायची वेळ आली की फोन तोच करतो.