दुसरं बाळंतपण : ठरलेलं बदललं तर

ताईंनो, या महिन्याच्या बैठकीत पंधरा मिनिटं काढून हा धडा मोठ्यानं वाचा. गटात कुणी गरोदर असेल तर तिच्या सासूबाईंना आणि नवऱ्यालाही बसवून घ्या.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, अशी रीत. "एकदा झालंय, आता काय घाबरायचं," असं म्हणत दुसऱ्या वेळी तयारी कमीच होते. पण दुसऱ्यांदा कळा सुरू झाल्या की बाळ बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा लवकर येतं. मागच्या वेळी रात्र गेली, म्हणून आताही सकाळपर्यंत थांबू, हा हिशोब चुकतो.

आपल्याच एका गटातल्या ताईंचं असं झालं. तारखेला तीन आठवडे बाकी. नवरा ऊसतोडीला, सासूबाई लग्नाला परगावी. भाकरी थापताना कळा आल्या आणि थोड्याच वेळात १०८ च्या गाडीत बाळ झालं. दोघंही सुखरूप. शेजारणीला नंबर पाठ होता आणि कार्ड कुठं ठेवलंय हे माहीत होतं, म्हणून निभावलं.

दुसऱ्या वेळी खरी अडचण असते ती पहिल्या लेकराची. रात्री दोन वाजता त्याला कुणाकडं ठेवायचं? अनेक जणी याच काळजीनं निघायला उशीर करतात. तेव्हा आठव्या महिन्यातच दोन घरं ठरवा, एक नव्हे. सोबत येणारी बाईही एक नको, दोघी सांगून ठेवा. लेकराला त्या घरी एखादी रात्र झोपवून बघा. शेळी, म्हैस कोण बघणार तेही बोलून घ्या. हसू नका, याच कारणानं थांबलेल्या बायका मी पाहिल्यात.

पहिलं सिझर झालं असेल तर घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण नको. जुना टाका कळांमध्ये उसवण्याचा धोका असतो. जिथं ऑपरेशनची सोय आहे तिथंच जायचं, आणि कुठलं रुग्णालय ते डॉक्टरांना आधीच विचारायचं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथं मागचे कागद दाखवा.

रक्तगट निगेटिव्ह असलेल्या ताईंनी हे नीट ऐका. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घ्यावं लागतं. पहिल्या वेळी ते घेतलं होतं का, हे आता डॉक्टरांना सांगा, कारण त्याचा त्रास पुढच्या बाळाला होऊ शकतो.

रक्त जाणं, जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडाला-हाताला सूज, झटका, पाणी जाणं किंवा बाळाची हालचाल कमी होणं, यात तारखेची वाट बघायची नाही. लगेच निघायचं.

वाटेतच बाळ आलं तर त्याला ओढू नका. कोरड्या कपड्यानं पुसा, आईच्या छातीवर उघड्या अंगाला लावून ठेवा, वरून पांघरूण घाला. नाळ विळ्यानं कापायची नाही, हळद-राख लावायची नाही. वार आपोआप पडू द्या. बाळ रडलं, सगळं बरं दिसतंय, तरी दवाखान्यात जायचंच.

आता पैशाचं. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, आणि घरून नेणं-आणणं मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा. दुसरी मुलगी झाली तर मातृवंदना योजनेत, अटीत बसत असाल तर, ६००० रुपये मिळतात. त्यासाठी गरोदरपणातच आशाताईंकडं नोंद करा. तरीही सोबतीच्या माणसाचा खर्च होतोच. म्हणून बाळंतपणासाठीचं अंतर्गत कर्ज बैठकीची वाट न बघता अध्यक्ष-सचिवांनी द्यावं, असा ठराव आधीच लिहून ठेवा.

तोडीवर जाणाऱ्या ताईंनी माता-बाल कार्ड सोबत न्यावं, ते कुठल्याही जिल्ह्यात चालतं. जन्माची नोंद मात्र बाळ जिथं झालं तिथंच, २१ दिवसांत करायची. गावी परतल्यावर करू म्हणाल तर तालुक्याच्या फेऱ्या वाढतात.